मनगटाचा फोटो

रोह्यापलीकडच्या अष्टमी गावच्या बाजारात सुकी मासळी विकून मी स्वतःचं दुकान उभं केलं. सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, भावावरून माझ्याशी हुज्जत घालायला भलेभले कचरतात. माझा आवाज पूल ओलांडून रोह्यात पोचतो, असं लोक म्हणतात.

दुकान व्हायच्या आधी मी पाटी डोक्यावर घेऊन फिरायचे. एकदा पुलाच्या तोंडाशी पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सासूनं रोह्यातल्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेला तेव्हा आम्ही फोटोच म्हणायचो. फोटो काढणाऱ्यानं दारातूनच विचारलं, "पोटात काय हाय का गो?"

बाकावर माणसं बसलेली. आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर बोलत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. मला दिवस गेले होते, पण ते फक्त सासूला ठाऊक होतं. माझ्याआधी तीच बोलली, "नाय रे बाबा, सकालची पेज हाय फक्त!"

बाकावरची माणसं हसली. मीही हसले.

घरी नवऱ्याला दिवस गेल्याचं आणि फोटोचं, दोन्ही एकदमच कळलं तसा तो घाबरला. फोटोच्या किरणांनी पोर अधू निपजतं, असं त्यानं मिठागरावर ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला एका डॉक्टरकडे गेलो. गरोदरपणात एक्स-रे झाला, एवढं ऐकूनच तो म्हणाला, "धोका कशाला घेता? मोकळं करून टाका. वय आहे, पुन्हा होईल."

प्लास्टरमधला माझा हात त्याच्याच टेबलावर होता. फोटो कशाचा काढला, हे त्यानं विचारलं नाही. माल घेताना जवळ्याच्या वाट्यावर मूठभर जास्त घेतल्याशिवाय न हलणारी मी, त्या खोलीत "खरंच का हो?" एवढंही बोलले नाही.

पुन्हा झालं नाही.

"माझ्याच तोंडानं गेलं गो," असं सासू मरेपर्यंत म्हणायची. मी तिला कधी बोल लावला नाही. मी शिव्या दिल्या त्या मशीनला आणि ते चालवणाऱ्याला. त्या दवाखान्याच्या गल्लीत मी कित्येक वर्षं पाऊल टाकलं नाही.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या दिराची सून जिन्यावरून पडली. घोटा सुजला. मी तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या दारावर पाटी होती, गरोदर असल्यास आधी सांगा. पोरीनं मान खाली घातली आणि माझा पदर ओढला.

"दुसरा महिना हाय हिला!" मी भाव सांगावा तशी ओरडले.

"काकी, सगल्यांसमोर?" ती रडायलाच लागली.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. "बरं झालं आधी सांगितलंत." त्यांनी घोटा दाबून पाहिला. हाड मोडल्याची शंका होती, फोटो लागणारच होता. त्यांनी पोरीच्या पोटावर शिशाचा जड एप्रन घातला.

मी त्यांचा हात धरला. "मग बाळ ठेवायचं ना?"

"म्हणजे काय? घोट्याचा फोटो आहे, काकू. पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. पोटाचाच काढायचा असता, तर आम्ही दहादा विचार केला असता."

"आणि मनगटाचा असला तर?"

"तरी तसंच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं पोर लंगडत, फुरंगटून बाहेर आली. "आता दृष्ट लागली तर, काकी?"

मी उजवं मनगट डाव्या हातात धरून बाकावर बसले होते.

"नाय लागत," मी म्हटलं. ते तिला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.