कोर्टातली स्टेनो लॉ कॉलेजला निघाली

लॉर्ना किवेला अमेरिकेतल्या डुलुथच्या कोर्टात एकवीस वर्षं स्टेनो होती. वकील बोलायचे, ही टिपून घ्यायची. मी त्याच कोर्टात दारावर पहाऱ्याला. दुपारी आम्ही एकत्रच जेवायचो. सत्तेचाळीस वर्षांची असताना एकदा सूप पिता पिता म्हणाली, "यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा मी बरी वकील होईन."

"मग हो की. अडवलंय कोणी?"

तिने ते मनावर घेतलं. लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत तेव्हा कोड्यांचा एक विभाग असायचा. सात माणसं, सात खुर्च्या, अमका तमक्याशेजारी बसणार नाही, मग मधे कोण? लॉर्नाला ती कोडी झकास जमायची. दीड वर्षात तक्ते काढून तिने पाच वह्या भरल्या. आणि मग कळलं की ऑगस्टपासून कोडी बंद, यापुढे नुसते युक्तिवाद आणि उतारे. जूनची एक संधी उरली होती. नेमका परीक्षेच्याच दिवशी खुनाचा खटला लांबला, बदली स्टेनो मिळाली नाही, आणि तिची परीक्षा बुडाली.

आठवडाभर तिने वह्यांना हात लावला नाही. शेवटी मीच तिला वेन्डेल स्ट्रँडकडे नेलं. हा भूमितीचा निवृत्त मास्तर, शनिवारी सकाळी वाचनालयात या परीक्षेचं फुकट शिकवायचा. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "नवा पूल झाला, अपघात घटले, म्हणून पूल सुरक्षित. यात काय गृहीत धरलंय?"

"पूल सुरक्षितच असणार," लॉर्ना म्हणाली. "अपघात घटलेत ना?"

"आणि त्यावरून गाड्याच कमी जात असतील तर?"

लॉर्नाने ते वाक्य टिपून घेतलं. परतताना गाडीत म्हणाली, "इतकी वर्षं ऐकतेय गं मी सगळ्यांचं. तपासलं कधीच नाही."

मग चार महिने दर शनिवारी ती जात राहिली. ऑक्टोबरात सरावाचे गुण वाढायचे सोडून घसरले, तेव्हा वेन्डेलवर चिडून एक शनिवार गेलीही नाही. नोव्हेंबरात परीक्षा दिली. एकशे वीस ते एकशे ऐंशीच्या मापात एकशे सत्तावन्न गुण पडले. फार नव्हेत, पण सेंट पॉलच्या लॉ कॉलेजात शनिवार-रविवारच्या वर्गात प्रवेश मिळाला.

आता शुक्रवारी कोर्ट सुटलं की अडीच तास गाडी हाकत जाते, चुलतबहिणीकडे राहते. पहिल्या सत्रात जेमतेम पास झाली. वकिलांना नावं ठेवणं मात्र तिने बरंच कमी केलंय.