दाजींच्या तीन वाटा

एकाहून जास्त पर्याय असलेली कुठलीही गोष्ट देवानं आमच्या दाजींच्या समोर आणायलाच नको होती. जगात एकच भाजी, एकच रंग आणि एकच रस्ता असता, तर त्यांच्याइतका सुखी माणूस सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त, अंगानं काटकुळे, आवाज इतका मऊ की भांडताना आपल्यालाच लाज वाटावी. मी धाराशिवात पिठाची गिरणी चालवते. गिऱ्हाईक समोर आलं की जाड का बारीक एवढं विचारायचं आणि दळण टाकायचं. त्यामुळे दाजींसारख्या माणसाचा मला राग यायला हवा. येतोही, पण फार वेळ टिकत नाही.

बाजारात कलिंगड घ्यायचं तर दाजी ढिगातलं प्रत्येक कलिंगड उचलून, वाजवून, कानाला लावून बघतात. एकदा विकणारा वैतागून म्हणाला, "मालक, कलिंगड घ्यायलात का सोयरीक जुळवायलात?" दाजींनी गंभीरपणे सांगितलं, "सोयरीक एवढी अवघड नसती." एसटीत ऊन कुठल्या बाजूनं येणार, वळणानंतर कुठल्या बाजूनं येणार, याचा विचार ते दारातच उभं राहून करतात. तोवर गाडी भरते, आणि दोन्ही बाजूंचं ऊन खात उभ्यानं प्रवास होतो. घराला रंग द्यायचा होता तेव्हा भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढून बघितले. ते पट्टे अजून तसेच आहेत. पाहुण्यांना वाटतं, ही काहीतरी नवी फॅशन असावी.

आक्काला विचारलं तर ती म्हणते, "मला बघायला आले तवा चहा यायच्या आधीच व्हय म्हणाले. जन्माची सगळी घाई तिथंच संपली त्यांची."

लग्नानंतर दाजींची बदली येडशीला झाली आणि दोघं तिथंच रमली. घराच्या ओट्यावर बसलं की समोर डोंगर दिसतो. बिऱ्हाड लावलं त्याच दिवशी दाजींनी बोट दाखवून आक्काला सांगितलं होतं, "तुला एकदा त्या माथ्यावर नेतो." वर जायला तीन वाटा. एक देवळामागून, एक ओढ्यातून आणि एक शेळ्यांची. तीन म्हटल्यावर सगळं आलंच. देवळामागची वाट जवळची, पण उघडी. ओढ्याची सावलीची, पण दगडगोट्यांची. शेळ्यांची मऊ, पण तिला बोराटीचे काटे फार. दरवर्षी गवत पिवळं पडलं की दाजी या विचाराला बसत आणि उन्हाळा आला की उठत. मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, डोंगर जिथल्या तिथं.

यंदा आक्काच्या डाव्या गुडघ्यानं निकाल लावला. संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरलं, आणि पुढं डोंगर चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आक्का मला फोनवर म्हणाली, "आता न्हाय तर कधीच न्हाय. तू ये. तू असलीस की कामं होतात." मी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून गेले. शेतातल्या जेवणातली उरलेली मिश्र भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे डब्यात भरले आणि दाजींना विचारलं, "कुठली वाट?"

"शेळ्यांची," दाजी म्हणाले. एका दमात! मी बघतच राहिले. मग ते उठले, आणि उठताच मटकन खाली बसले. दोन्ही टाचांना हे मोठे फोड, पोटऱ्या लाकडासारख्या. विचारपूस केल्यावर कळलं की गेले तीन दिवस "पेन्शनचं काम हाय" असं सांगून दाजी रोज एक वाट चढत होते. आक्काला सोपी कुठली पडेल, हे स्वतः बघून ठरवायचं होतं म्हणे.

"आन् आता?" आक्का कडाडली. "तुम्हाला काय पाटीत घालून नेऊ डोक्यावर?"

"तुम्ही दोघी जावा. मी पायथ्याला बसतो."

दाजींना धरून धरून पायथ्याला नेलं, पळसाच्या झाडाखाली बसवलं आणि आम्ही शेळ्यांच्या वाटेनं निघालो. वाटेवरची बोराटी तोडलेली होती. दर वळणावर बसण्याजोगा एक सपाट दगड नीट रोवलेला होता, पुसून घेतलेला. आक्का त्यावर टेकायची, नवऱ्याच्या नावानं बडबडायची आणि उठायची. मी म्हटलं, "एवढे दगड ह्याच वाटेवर कसे?" तशी ती म्हणाली, "तिन्ही वाटांवर आसतील. वळखते मी त्यांना."

माथा अगदी हाताशी आला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. खालून दाजी.

"आलो की वर," आक्का ओरडली. "आता सांगा, कुठं उभं राह्यल्यावर चांगलं दिसतं?"

"ते मला काय म्हाईत?" दाजी म्हणाले. "म्या तिन्ही बारीला शेवटच्या चढाखालनंच माघारी आलो. वर तुझ्यासंगंच जायचं व्हतं ना."

आक्कानं फोन पिशवीत टाकला आणि शेवटच्या दगडावर फतकल मारून बसली.

"ऊठ, चार पावलं राहिलीत," मी म्हटलं.

"आइतवारी येऊ. त्यांच्या टाचा बऱ्या होऊ दे."

"अगं, गुडघा? संक्रांत?"

"गुडघा माझा हाय. मी बघते."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि एकटीच वर गेले. गिरणी बंद ठेवून आलेल्या बाईनं दुसऱ्यांच्या संसारापायी खालून परत का जावं? वर स्वच्छ ऊन होतं. रेल्वेचे रूळ, ज्वारीची हिरवी रानं दिसत होती, लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या. बराच वेळ उभी राहिले. खाली आले तेव्हा आक्कानं विचारलं नाही, पण पायथ्याशी दाजींनी भीतभीत विचारलंच, "काय दिसलं?"

"काही नाही. धुकं होतं," मी म्हटलं आणि डबा उघडला. भर दुपारी. दोघांनी मान डोलावली आणि उंड्यांवर ताव मारला.

आइतवारी दोघंच गेली. सकाळी निघाली ती दिवस मावळताना परतली. मी फोन केला, तर आधी दाजींचा हळहळता आवाज आला, "देवळामागनं चढलो, शेळ्यांच्या वाटनं उतरलो. ओढ्याची तेवढी राह्यली बघा."

"आक्काला द्या. आक्का, काय दिसलं गं?"

"धुकं व्हतं. लई धुकं," असं म्हणून ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मागून दाजीही हसत होते.

फोन ठेवला आणि दळण टाकलं. मीही त्याच माथ्यावर उभी राहिले होते. दिसत होतं ते सगळं डोळे भरून बघितलं होतं. फक्त "ते बघा, तिकडं" असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.