धाप

लॉकडाऊनमध्ये मैदानाला कुलूप लागलं, तेव्हा मी आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात धावू लागले. माझी शर्यत आठशे मीटरची, आणि अंगण एवढंसं की वेग घेताच भिंत आडवी यायची. मग मी एका जागीच पळायचे, अगदी धाप लागेपर्यंत.

धाप लागली की सराव चांगला झाला, असं आम्ही धावणारे मानतो. पण शेजारच्या काकांना धाप लागते म्हणून दवाखान्यात नेलं आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून माझी धाप ऐकली की आईच्या काळजात धस्स व्हायचं.

"कावून इतकी धापून राहिली? मले भेव लागते!" ती स्वयंपाकघरातून ओरडायची.

मला राग यायचा. पण भीती मलाही होतीच. छाती शांत व्हायला जरा वेळ लागला की मी भिंतीला टेकून वाट बघत राहायचे. शेवटी मी तोंड मिटून, श्वास दाबून पळायला शिकले. कोचनं पाहिलं असतं तर कानच उपटले असते.

बाबांचा प्लांट मात्र चालू होता. भट्टी विझवता येत नाही. बाबा रोज ड्युटीला जायचे, आल्यावर अंगणातच आंघोळ करायचे आणि पुढच्या खोलीत वेगळे झोपायचे.

एका दुपारी ते असेच फर्स्ट शिफ्टवरून येऊन झोपले होते. आई आतून ओरडली, "बस कर न वं पोरी! किती धापशील?"

मी पायरीवर बसले होते. बूट अजून हातातच होते.

धापेचा आवाज पुढच्या खोलीतून येत होता.