शपथेतून सोडवलेली गोळी

संप फिसकटला, गिरणीचा भोंगा बंद पडला, पण सीतारामच्या कानातला काही थांबेना. त्या भोंग्याआडून कुणीतरी त्याला 'फितूर, फितूर' म्हणून हाका मारायचं. वास्तविक संपात हा माणूस एक दिवससुद्धा कामावर गेला नव्हता. दारू पोटात गेली की त्या हाका थांबायच्या, म्हणून तो प्यायचा. लालबागच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या त्याच्या बायकोला, सुभद्रेला, एवढं कळत होतं. कळत नव्हतं ते दवाखान्यांना.

मनोरुग्णांच्या इस्पितळात सांगितलं, आधी दारू सोडवून आणा. दारू सोडवणाऱ्या केंद्रात म्हणाले, याला भास होतात, आधी तिकडे दाखवा. नवऱ्याचा हात धरून सुभद्रा हेलपाटे घालत राहिली. असले नियम करणाऱ्यांच्या घरी सीताराम नसतो, दुसरं काय!

शेवटी तिने गावाकडचा उपाय केला. तिच्याकडे जेवणारे गावकरी शेजारच्या गाळ्यात एकत्र राहायचे. त्यांतले थोरले दगडूबाबा. देवाला गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. त्यांनी नारळ ठेवून गावच्या रवळनाथाला हाक घातली, "सीताराम हेच्याफुडे नशेची खंयचीच वस्तू तोंडाक लावचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाळा एका सुरात म्हणाला.

आणि सीतारामने खरोखर दारू सोडली. मग इस्पितळाने गोळ्या दिल्या, सुभद्रेचा जीव भांड्यात पडला. पण सीताराम जास्तच बिघडला. एके दिवशी बंद गिरणीच्या फाटकावर त्याने डोकं आपटून रक्तबंबाळ करून घेतलं. त्याचं अंथरूण झटकताना उशीच्या अभ्र्यातून सगळ्या गोळ्या खाली सांडल्या.

"ह्या काय ओ?"

"गोळयेन झापड येता. ती नशाच न्हय? देवाक शब्द दिलंय गो."

सुभद्रेने सांडलेल्या गोळ्या वेचून घेतल्या. नवरा शब्दाला जागत होता आणि त्यापायी मरायला निघाला होता. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

ती तडक इस्पितळात सरोजिनीबाईंकडे गेली. रुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं काम त्यांचं. सीतारामला पहिल्यांदा दारातून परत पाठवलं तेही त्यांनीच.

"बाई, तुमच्या सांगण्यान तो गोळी घेवचो नाय. देवाकडसून तेचो शब्द सोडवून घेवक होयी. तुमी येवा."

बाई हसतील असं तिला वाटलं होतं. त्या पर्स उचलून निघाल्या.

गाळ्यात दगडूबाबांनी पुन्हा नारळ ठेवला. डोक्याला पट्टी बांधलेला सीताराम भिंतीला टेकून बसला होता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही गोळी नशा न्हय, वखद आसा. ती घेतल्यार लेकरान शब्द मोडल्यान असा धरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि उद्या हेचो पाय घसारलो, परत प्यायलो, तरी हेका कोणी दारातसून परत धाडू नये रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं देवाला होतं, पण सगळ्यांच्या नजरा सरोजिनीबाईंकडे वळल्या. बाईंचा चेहरा उतरला. नियम त्यांनी केलेला नव्हता. तो मोडायचा तर वरच्यांशी भांडावं लागणार होतं. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी त्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मग सीतारामने सुभद्रेपुढे हात पसरला आणि गोळी मागितली.