लिफ्ट आणि पंप

आर्किटेक्चर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बाई सतरा वर्षं नोकरीला होत्या. बंद पडलेली मशीन चालू करणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सोडवणं आणि पोरांनी खुर्च्यांवर ठेवलेले पाय खाली घ्यायला लावणं, हे त्यांचं काम. एके काळी त्याही याच विषयाच्या विद्यार्थिनी होत्या. तिसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं. कुणी विचारलं तर "घरची परिस्थिती" एवढंच सांगायच्या, आणि पुढे कुणी खोदून विचारत नसे.

त्या वर्षी कॉलेजची एक टीम स्पर्धेत उतरली. नर्सांसाठी चार मजली वसतिगृह आखायचं होतं, आणि तेही असं, की वर्षभरात जेवढी वीज खाईल तेवढी स्वतःच तयार करेल. टीमची म्होरकी चौथ्या वर्षाची मुलगी होती. सगळे तिला कॅप्टन म्हणत. किडकिडीत, केस कसेतरी बांधलेले, पण बोलायला लागली की प्राध्यापकसुद्धा कान देऊन ऐकत.

बाईंच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून खुपली. तिने पश्चिमेची भिंत जाड केली, खिडक्यांवर छज्जे काढले, की लॅबभर वाहवा.

"यात काय मोठं?" बाई घरी नवऱ्याला म्हणाल्या. "आम्ही हे हाताने काढायचो."

"मग सांग ना तिला."

बाईंनी त्याच्यापुढे ताट जरा आपटूनच ठेवलं.

एका दुपारी टीम जेवायला गेली असताना बाईंनी त्यांचं विजेचं गणित उघडून पाहिलं. वर्षाअखेर नऊशे युनिट जास्तच तयार होत होती. दिवे, पंखे, गीझर, स्वयंपाकघर, सगळं धरलेलं होतं. लिफ्ट मात्र नव्हती. पाण्याचा पंपही नव्हता. दोन्ही मिळून चार हजार युनिट तरी खाणार, आणि गच्ची तर सोलर पॅनेलनी आधीच काठोकाठ भरलेली.

बाईंना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. त्या दिवशी त्या खुर्च्यांवरच्या पायांना काही बोलल्या नाहीत.

आठवडाभर त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. परीक्षकांपुढे जाण्याआधी सगळ्या प्राध्यापकांसमोर तालीम होती. तीच वेळ त्यांनी हेरून ठेवली. कॅप्टनचं बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "लिफ्ट आणि पंप कुठे धरलेत?"

कॅप्टनचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढा क्षणभर बाईंना फार बरं वाटलं.

मग ती नकाशावर वाकली. "सायकल स्टँडला छप्पर नाहीये. तिथे पॅनेल बसतील. आणि आंघोळीचं पाणी उन्हावर तापवलं, तर गीझरच नकोत." दहा मिनिटांत गणित जमलं. चूक बाईंनी दाखवली होती, आणि शाबासकी पुन्हा तिलाच.

संध्याकाळी ती लॅबमध्ये आली. "बाई, तुम्ही नसता तर परीक्षकांसमोर आमची शोभा झाली असती. तुमच्या कधी लक्षात आलं?"

"झाले आठ दिवस."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुझं तोंड उतरलेलं बघायचं होतं." बोलून गेल्या खऱ्या, पण आता शब्द मागे घेता येत नव्हते.

मुलगी स्टुलावर बसली. तिने विचारलं, "तुम्ही शिक्षण का सोडलंत?"

"घरची परिस्थिती" अगदी जिभेवर आलं होतं. "नापास झाले," बाई म्हणाल्या. "एकाच विषयात, दोनदा. घरचे शिकवायला तयार होते. मीच परत गेले नाही." हे त्यांच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

"मला राग आलाय तुमचा," मुलगी म्हणाली. "पण उद्या आमच्याबरोबर आकडे तपासायला बसाल?"

बाई बसल्या. टीम दुसरी आली. अहवालाच्या आभारांत बाईंचंही नाव छापलं होतं.

चार वर्षांनी कॅप्टनचा फोटो आला. तिने आखलेली पहिली खरीखुरी इमारत उभी राहिली होती आणि ती हेल्मेट घालून गच्चीवर उभी होती. बाईंनी फोटो मोठा करून एकेक पॅनेल पाहिलं, कुठे सावली पडतेय का ते शोधलं. चूक सापडली नाही.

"काय गं, गप्पशी?" नवऱ्याने विचारलं.

"हेवा वाटतोय," बाई म्हणाल्या, आणि फोन उपडा ठेवून भाजी निवडायला बसल्या.