राईच्या खाजणातला धुमसता खड्डा

लग्न होऊन मी राईला आले तेव्हा आमचं खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीतलं शेत मेलेलं होतं. उधाणात खाडीचा बांध फुटला होता आणि खारं पाणी शिरून भाताची जमीन पांढरी पडली होती. नवरा भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात कामाला जायचा. शेत सोडायला तयार नव्हती फक्त माझी विधवा नणंद. जमीन तिच्या आणि मोठ्या दिरांच्या वाट्याची होती.

वन्सं गिरणीतून भाताचा तूस आणायच्या. मोठ्या खड्ड्यात तो पेटवायचा, वर ओला पेंढा आणि माती घालून आत नुसता धुमसत ठेवायचा, मग पाणी मारून विझवायचा. "राख झाली तर गेलं," त्या म्हणायच्या. "कोळसा हवा. यो कुजत न्हाय, जमिनीतच ऱ्हातो." तो कोळसा शेणात आणि गोमूत्रात मुरवून आम्ही शेतात कालवायचो. काही वर्षांत तिथे पुन्हा लोंब्या धरल्या.

नेमकं तेव्हाच आसपासच्या जमिनीला भाव आला. दिरांनी एका बिल्डरला शब्द दिला, जमीन नापीक आहे म्हणून सांगितलं.

पीक काढून झालं होतं. आम्ही दोघी खड्ड्यापाशी होतो; आत तूस धुमसत होता आणि थोडा पेटता तूस बाजूला घमेल्यात होता. शेत बुजवायला मातीच्या भरणीचा ट्रक बांधावर आला. दीर आणि दोन माणसं उतरली.

"बाजूला हो," दीर म्हणाले.

"माजी पन हाय जमीन," वन्सं म्हणाल्या आणि ट्रकपुढे उभ्या राहिल्या.

दिरांनी बहिणीचे केस धरून तिला बांधावरून खाली ओढलं. ती उठली. त्यांनी फावड्याचा दांडा उचलून तिच्या खांद्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती परत उठायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या पोटात लाथ घातली. एका माणसाने मला मागून धरलं होतं. मी त्याच्या हाताचा चावा घेतला, तोंडात रक्ताची चव आली, आणि सुटताच घमेल्यातला निखाऱ्यांचा तूस त्याच्या अंगावर फेकला. तो ओरडत शर्ट फाडू लागला.

दीर माझ्याकडे धावले. मधे खड्डा होता. वरची माती सुकून राखाडी झाली होती, बाकीच्या जमिनीसारखीच दिसत होती. त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

तसं किंचाळणं मी नंतर कधी ऐकलं नाही. ट्रकवाला पळाला, त्याच्यामागे ती दोन माणसंही.

वन्सं सरपटत आल्या. एक हात लोंबत होता, दुसऱ्याने त्यांनी भावाची कॉलर धरली. "खेच गो," त्या मला म्हणाल्या. आम्ही खेचलं. पाय बाहेर आला, चप्पल वितळून कातडीला चिकटली होती. विझवण्यासाठी भरून ठेवलेलं पिंपातलं सगळं पाणी वन्संनी त्या पायावर ओतलं.

सरकारी दवाखान्यात हवालदार आला. दीर म्हणाले, "मी पाय घसरून पडलो. ही बांधावरून पडली."

"न्हाय," वन्सं शेजारच्या खाटेवरून म्हणाल्या. "यानं मना दांड्यानं मारलंय. लिवा."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. तिने हवालदाराच्या वहीवरून नजर हलवली नाही.

केस झाली. दिरांना आत जावं लागलं. पायाची बोटं कापल्यामुळे सुटून आल्यावर ते काठी घेऊन चालायचे, गल्लीत बहीण दिसली की भिंतीला लागून उभे राहायचे. सासूबाईंच्या बाराव्यालाही दोघा भावंडांनी एका पंगतीत पान घेतलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. दवाखान्यातून आल्या त्याच दिवशी वन्सं गळ्यात हात बांधून शेतावर गेल्या. खड्डा उघडा राहिल्याने अर्ध्याहून जास्त तुसाची राख झाली होती. त्या काठावर बसल्या. मग खाली बोट दाखवून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात काळं दिसतंय. तेवढं काढ."

मी खड्ड्यात उतरले.