विहिरीतून वर येणारा शामराव

युसूफ सर गेल्या महिन्यात, शुक्रवारी सकाळी अकोल्याच्या रुग्णालयात हृदयविकाराने गेले. बार्शीटाकळीत ते मराठी शिकवत. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली, ‘सातव्या थराची राणी’. दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका वर्तमानपत्राचा मथळा होता : ‘बंद पडलेल्या खर्चिक मालिकेचे लेखक कालवश’. शाळा नाही, पुस्तक नाही. मरणाच्या बातमीतही दुसऱ्यांनी बंद पाडलेली मालिका त्यांच्याच नावावर लावली गेली.

कादंबरीत काळ्या मातीच्या सातव्या थराखाली एक राज्य आहे आणि तिथल्या राणीने गावाचं पाणी अडवून ठेवलं आहे. शामराव नावाचा शेतकरी कोरड्या विहिरीत उतरतो, पंख असलेल्या घोरपडीवर बसून राणीपर्यंत जातो, तिच्याशी कडाकडा भांडतो आणि पाणी घेऊन वर येतो. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका निर्मात्याने या कादंबरीची टीव्ही मालिका केली. राजवाडा लग्नाच्या मांडवासारखा दिसे, नट मंडळी वऱ्हाडी बोलताना अडखळत, हे खरं आहे. पण घोरपड उडाली की अंगावर काटा येई, हेही खरं आहे. मालिका अँटेनावर दिसणाऱ्या वाहिनीवर लागे आणि नेमकी भारनियमनाच्या वेळेला. वेळ ठरवताना वऱ्हाडात त्या वेळी वीज असते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

गावाने तोडगा काढला. ट्रॅक्टरची बॅटरी काढून सरांच्या अंगणात आणायची आणि तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट संच लावायचा. सकाळी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करावा लागे. "सर, तुमच्या राणीपायी आमची बॅटरी उतरली, आता तिलेच सांगा वखर ओढाले," असं लोक म्हणत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बॅटरी घेऊन येत. निर्मात्याने सगळा पैसा रंगांवर ओतला होता. इथे ते करडे दिसत. शेजारच्या कौसाबाई विचारत, "सर, राणीचं लुगडं कोण्या रंगाचं व्हय?" सर संचाशेजारी बसून सांगत, मोरपंखी. घोरपडीचे पंख? तांबूस, उन्हात पळसासारखे... एकदा त्यांनी एकाच लुगड्याचे दोन रंग सांगितले. कौसाबाईंनी तिथेच पकडलं. "मागच्या खेपीले हिरवं होतं न, मास्तर!" सर म्हणाले, "राणी हाय बाई ते. तिले का एकच लुगडं असन?"

ती कापूस बुडण्याची वर्षं होती. रोज कुठल्या ना कुठल्या गावातून आत्महत्येची बातमी येई, मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आमच्या बांधावर उभे असत. प्रायोजकांनी निर्मात्याला सुचवलं की गोष्ट वऱ्हाडातली आहे, तर शामराव विहिरीतून वर येऊ नये. लोकांना ते पटेल. निर्माता हे सांगायला बार्शीटाकळीला आला होता. सरांनी त्याला चहा दिला, पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून? आमच्या लोकायले मरणाशिवाय दुसरं काई येतच नाई काय?" निर्माता म्हणाला, "सर, वास्तव आहे ते." सर म्हणाले, "घोरपड उडते ते चालते तुमाले. शामराव जगते, तेवढंच खोटं वाटून राह्यलं?"

त्यानंतर मालिका बंद झाली. तोवर मालिका राणीच्या राज्यातच रमली होती; शेवटच्या भागात शामराव नुकता कुठे दोराला लोंबकळत विहिरीत उतरत होता. कारण दिलं गेलं, खर्च झेपत नाही आणि खुद्द वऱ्हाडात प्रेक्षक नाही. प्रेक्षक मोजणारे वीज असलेल्या घरांत गेले होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बसलेलं अख्खं अंगण त्यांच्या हिशेबात आलंच नाही. अमरावतीतल्या एका परिसंवादात तर एका वक्त्याने विचारलं, शेतकरी मरत असताना उडत्या घोरपडी कशाला? टाळ्या पडल्या. सर मागच्या रांगेत होते, ते उठून गेले. म्हणजे दुःख आमचं, ते कसं दिसावं हे ठरवणार दुसरे, आणि त्यातून घटकाभर सुटण्याची कल्पनाही आम्ही करायची नाही. भूक लागलेल्याने भाकरीचं स्वप्न पाहावं, राणीचं नाही, असा हा न्याय आहे. बाजारात मग कुणीही भेटला की सरांना विचारी, "वर आला काय हो शामराव?" सर म्हणत, "येईन ना." पुस्तकात तो आलेला होता. पण विचारणाऱ्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं.

सर गेल्यावर पंधरा दिवसांनी अमरावतीत शोकसभा झाली. निर्माता मुंबईहून आला आणि त्याने व्यासपीठावरून मालिका पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. ‘हीच खरी श्रद्धांजली.’ पुन्हा टाळ्या. मालिका पुन्हा यायला हवी का? हवी. सगळ्या उणिवांसकट हवी. ती महाग होती म्हणून बंद पडली असं सांगणारे लोक आमच्या बांधावरच्या मरणाच्या चित्रीकरणासाठी खर्च करताना कधी कचरले नाहीत.

सभा संपल्यावर निर्माता सरांच्या पत्नी जमीलाभाभींजवळ आला. सरांच्या मागे कादंबरीचे हक्क त्यांच्याकडे आहेत. तो हळू आवाजात बोलत होता. प्रायोजक तयार आहेत, फक्त विहिरीचा प्रसंग... भाभींनी त्याला अडवलं. "सरायले विचारलं होतं न तुमी?" तो म्हणाला, "आता सर नाहीत, भाभी." अमरावतीहून अकोल्यापर्यंतच्या एसटीत भाभी माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होत्या. मूर्तिजापूरला म्हणाल्या, "कौसाबाई रोज विचारते. मालिका लागली पायजे भाऊ. पर अशी लागली, तं म्या त्या अंगणात तोंड कोन्तं दाखवू?"

गेल्या मंगळवारी त्या अकोल्याला माझ्याकडे आल्या आणि निर्मात्याला फोन लावला. बोलणं थोडक्यात झालं. "शामराव वर येते," त्या म्हणाल्या. "येत नसन तं परवानगी नाई." निर्मात्याने प्रायोजकांशी बोलून कळवतो असं सांगितलं. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.